चाळीस डॉलर आणि दोनशे चाळीस डॉलर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सहावीतली नात माझ्या लॅपटॉपवर काहीतरी खुडबुड करीत बसली होती. मध्येच मान वर करून तिने विचारले, की यात सी ड्राइव्ह आहे, डी ड्राइव्ह आहे, मग ए आणि बी कुठे गेले? प्रश्न बिनतोड होता. ए आणि बी या फ्लॉपीच्या जागा होत्या. फ्लॉपी गेल्या आणि चाळीतल्या बंद पडलेल्या पहिल्या दोन खोल्यांसारखी ती अक्षरे रिकामी राहिली, असे मी तिला सांगितले. फ्लॉपी म्हणजे काय हे समजावण्यात पुढची दहा मिनिटे गेली. ही अक्षरे आपल्या छोट्या संगणकांवर आणली कोणी, हे मात्र मी तिला सांगितले नाही. त्या माणसाचे नाव गॅरी किल्डॉल. त्याच्याविषयी सांगायचे तर मला माझी एक जुनी चूकही कबूल करावी लागली असती, आणि नातीपुढे ते जड गेले. वाचकांपुढे कबूल करायला हरकत नाही.

मी बँकेत अधिकारी होतो. १९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांबाबतचा करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे हळूहळू शाखाशाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. आमच्या शाखेत आले ते १९८९ मध्ये. त्याच्यासाठी काचेची खोली, एअरकंडिशनर आणि दाराशी चपला काढायची पाटी. मॅनेजरच्या केबिनला पंखा आणि यंत्राला थंड हवा, यावरून झालेले विनोद जुन्या बँकवाल्यांना आठवत असतील. काळ्या पडद्यावर ए हे अक्षर आणि त्यापुढे एक कोनाची खूण लुकलुकत असे. तिच्यापुढे डीआयआर ही तीन अक्षरे टाइप केली, की तबकडीवरच्या फायलींची यादी खाली उतरे. या खुणेला आम्ही डॉस म्हणायचो आणि डॉस म्हणजे बिल गेट्स, एवढेच आमचे ज्ञान.

पुढे नव्वदीच्या शेवटी माझी नेमणूक प्रशिक्षण केंद्रात झाली. नव्या अधिकाऱ्यांना ग्राहकसेवा शिकवताना मी एक गोष्ट हमखास सांगे. अमेरिकेत गॅरी किल्डॉल नावाचा एक हुशार माणूस होता. जगातली सगळ्यात मोठी संगणक कंपनी आयबीएम त्याच्या दारात आपण होऊन आली, आणि हा पठ्ठ्या तेव्हा हौसेखातर विमान उडवायला गेला होता. बायकोने पाहुण्यांच्या कागदावर सही केली नाही. पाहुणे परत गेले, बिल गेट्सकडे पोचले आणि गेट्स जगातला सर्वांत श्रीमंत माणूस झाला. तात्पर्य, काउंटर सोडून जाऊ नका. वर्ग हसे आणि चहाची वेळ होई.

एका तुकडीत एक बाई होत्या, सांगलीकडच्या. हसणे ओसरल्यावर त्यांनी हात वर केला आणि विचारले, की सर, त्या कागदावर होते तरी काय? मला माहीत नव्हते. मी तो प्रश्न थट्टेवारी नेला. माझ्या हातून वर्गात झालेला हा अपराध आहे, कारण कागद न वाचता सही करू नये हे शिकवण्यासाठीच तर त्या केंद्राने मला पगार दिला होता.

किल्डॉलचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिअ‍ॅटल या बंदराच्या शहरातला. घराणे दर्यावर्दी. आजोबांनी जहाजावरच्या लोकांना दिशाज्ञान शिकवणारी शाळा काढलेली, वडीलही तीच शाळा चालवीत. गॅरी मोटारी दुरुस्त करण्यात आणि खोड्या काढण्यात पुढे, अभ्यासात यथातथा. काही वर्षे त्याने त्या घरच्या शाळेत शिकवले आणि मग गणिताचा शिक्षक व्हावे म्हणून वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाला. तिथे संगणक भेटला आणि गणित मागे पडले. १९६३ मध्ये डोरोथी मॅकयुअन हिच्याशी त्याचे लग्न झाले. व्हिएतनामच्या युद्धाचे दिवस. नौदलाची सेवा चुकणारी नव्हती. पण त्याला बोटीवर पाठवण्याऐवजी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात शिकवायला पाठवले गेले. १९६९ ची ही गोष्ट. १९७२ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. प्रोग्रॅमचे भाषांतर करताना त्यातले अनावश्यक काम कसे गाळावे, यावरचा त्याचा १९७३ चा निबंध संगणकशास्त्राचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. म्हणजे हा माणूस गॅरेजमधला हौशी नव्हता, चांगला पढिक प्राध्यापक होता.

त्या सुमारास इंटेल कंपनीने पंचवीस डॉलरमध्ये संगणक अशी एका चिपची जाहिरात केली होती. किल्डॉलला ती दिसली. वडिलांच्या शाळेत तारे पाहून जहाजाचे स्थान काढण्याची लांबलचक आकडेमोड चाले; या चिपवर ती करणारे छोटे यंत्र बनवता येईल, असे त्याच्या मनात आले. ते काही झाले नाही, पण त्यासाठी त्याने लिहिलेले प्रोग्रॅम पाहून इंटेलने त्याला आठवड्यातून एक दिवस सल्लागार म्हणून बोलावले. तिथे त्याने या चिपसाठी पीएल/एम नावाची भाषा तयार केली. मोबदल्यात इंटेलने त्याला यंत्रे दिली आणि ती त्याने वर्गाच्या मागच्या भागात मांडली. नौदलाचे विद्यार्थी आणि त्यांचे मास्तर रात्र रात्र त्यांच्याशी झटत असत.

अडचण एकच होती. प्रोग्रॅम साठवायचा कशावर? तेव्हा छिद्रे पाडलेली कागदी पट्टी वापरीत. ती फाटे, गुंडाळे, आणि वाचायला वेळ लागे तो वेगळाच. फ्लॉपीची तबकडी नुकतीच निघाली होती. किल्डॉलने एका कारखान्यातून तिची झिजलेली ड्राइव्ह पैदा केली, पण ती आणि संगणक यांची गाठ घालणारे सर्किट त्याला जमेना. सुमारे वर्षभर ती ड्राइव्ह नुसती शोभेला पडून होती. शेवटी जॉन टोरोड या विद्यापीठातल्या मित्राने ते सर्किट बनवून दिले. १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या गावात, किल्डॉलच्या घरी, तबकडीवरून प्रोग्रॅम उचलून चालवणारी त्याची व्यवस्था पहिल्यांदा चालली. तिचे नाव सीपी/एम.

गंमत म्हणजे या व्यवस्थेचा पहिला व्यावसायिक उपयोग झाला तो भविष्य सांगण्यासाठी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका उद्योजकाला जन्मतारीख फिरवली की भविष्याचा कागद बाहेर टाकणारे यंत्र हवे होते. किल्डॉल आणि टोरोड यांनी ते करून दिले. कागद अडकू लागला आणि धंदा बसला. संगणकावरची कुंडली हे आपण आपल्या जत्रेतले वैशिष्ट्य समजत होतो, पण अमेरिकेने तिथेही आधी नंबर लावला होता.

आता ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे सांगायला हवे. मी ते बँकेच्या भाषेत सांगतो, मला तीच येते. समजा तुमची बदली नव्या शाखेत झाली. कर्ज कसे द्यायचे, व्हाउचर कसे पास करायचे हे नियम मुख्यालयाचे, सगळीकडे सारखे. पण या शाखेत जुनी लेजरे कोणत्या कपाटात आहेत, तिजोरीची किल्ली डावीकडे फिरते की उजवीकडे, जनरेटर कसा सुरू होतो, हे फक्त तिथल्या जुन्या शिपायाला ठाऊक. किल्डॉलने नेमकी हीच विभागणी केली. संगणक बनवणारे अनेक, प्रत्येकाची जोडणी निराळी. त्याने सीपी/एममधला यंत्राशी थेट झटणारा भाग कापून वेगळा काढला आणि त्याला बायोस म्हटले. हा शिपाई. बाकीची सगळी व्यवस्था, म्हणजे मुख्यालय, जिकडे तिकडे तीच. नवा कारखानदार आला की त्याने फक्त बायोस आपल्या यंत्राप्रमाणे लिहायचा.

ऐकायला साधी वाटणारी ही युक्ती फार मोठी ठरली. तोवर ज्याचे यंत्र त्याचेच प्रोग्रॅम, असा मामला होता. आता सीपी/एमसाठी एकदा लिहिलेला प्रोग्रॅम पुष्कळ कंपन्यांच्या यंत्रांवर चालू लागला. त्यामुळे नुसते प्रोग्रॅम लिहून पोट भरणारी माणसे निर्माण झाली. वर्डस्टार, डीबेस ही नावे आमच्या पिढीला पाठ आहेत. ती या झाडाची फळे. १९८१ पर्यंत सुमारे तीन हजार प्रकारच्या संगणकांवर सीपी/एम चालत होते.

आणि एवढे सगळे करणारी ती व्यवस्था होती केवढी? जेमतेम सात-आठ किलोबाइट. आज मोबाइलवर येणारे शुभ सकाळचे एक चित्र याच्या दसपट जागा खाते. यादी दाखव, नाव बदल, खोड, मजकूर दाखव, साठव, असे मोजके हुकूम तिच्या पोटात असत. फाइलची नक्कल करायची तर त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम बोलवावा लागे. रिकामा फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरसारखा हा प्रकार. भिंती, नळ, वीज माझी. कपाटे आणि पडदे ज्याला हवे त्याने हव्या त्या दुकानातून आणावेत. पुढे त्याची कंपनीही भाषा आणि इतर माल विकू लागली, तेव्हा हा त्याचा धर्म होता असे म्हणणार नाही. पण सुरुवातीची बांधणी अशी होती खरी.

विकण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. त्या काळी सॉफ्टवेअर विकत घ्यायची वस्तू आहे, हेच पुष्कळांना पटत नव्हते. हौशी मंडळी क्लबात जमत, एकमेकांच्या पट्ट्यांच्या नकला करीत, जसे आपण मासिकातून विणकामाचा नमुना उतरवून घेतो. फेब्रुवारी १९७६ मध्ये वीस वर्षांच्या बिल गेट्सने या मंडळींना जाहीर पत्र लिहून, तुम्ही चोरी करता, असे खडसावले. दुसऱ्या टोकाला सगळे फुकट आणि खुले असावे म्हणणारे होते. किल्डॉल या दोहोंच्या मध्ये उभा होता. त्याच्या गॉर्डन युबँक्स या विद्यार्थ्याने त्याच्या मार्गदर्शनाखाली बेसिक भाषेचा एक प्रोग्रॅम तयार केला. सरकारी संस्थेतले काम म्हणून तो सर्वांना मोकळा झाला, ज्याला हवा त्याने घ्यावा. मग त्याच युबँक्सने त्याची सुधारलेली आवृत्ती स्वतः काढून पैसे घेऊन विकली. एकाच घरात दोन्ही. किल्डॉलला त्यात विसंगती दिसली नाही, मलाही दिसत नाही. विहीर गावाची असली तरी पाणी घरपोच देणारा पैसे घेतोच.

१९७६ मध्ये गॅरी आणि डोरोथी यांनी कंपनी काढली. डिजिटल रिसर्च हे नाव आधी कोणीतरी घेतलेले, म्हणून पुढे इंटरगॅलॅक्टिक, म्हणजे आकाशगंगांमधली, असे विशेषण लावले. ते नाव मोकळे झाल्यावर विशेषण गळाले. टपालाने सीपी/एमची तबकडी सुमारे सत्तर डॉलरला मिळे. इतकी स्वस्त, की चोरण्याचा त्रास कोण घेणार? १९७७ मध्ये इम्साय या कंपनीने पंचवीस हजार डॉलर देऊन परवाना घेतला आणि मग रांग लागली. कंपनीचे कार्यालय पॅसिफिक ग्रोव्हमधल्या एका जुन्या व्हिक्टोरियन धाटणीच्या घरात. करारमदार, परवाने, माणसे, हे सगळे डोरोथी पाही. गॅरी प्रोग्रॅम लिही आणि विमान चालवी. या वाटणीकडे लक्ष द्यावे, कारण पुढची गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

१९८० च्या उन्हाळ्यात आयबीएमला घाईने छोटा संगणक बाजारात आणायचा होता. ते भाषा मागायला मायक्रोसॉफ्टकडे गेले, ऑपरेटिंग सिस्टिमही मागू लागले. गेट्सने त्यांना किल्डॉलकडे पाठवले. मायक्रोसॉफ्ट स्वतःच तेव्हा आपल्या एका उत्पादनाबरोबर किल्डॉलचे सीपी/एम परवाना घेऊन विकत होती. आयबीएमची माणसे पॅसिफिक ग्रोव्हला पोचली त्या सकाळी गॅरी खरोखरच विमानात होता. पण हौसेखातर नव्हे. एका महत्त्वाच्या गिऱ्हाइकाला कागदपत्रे पोचवायला तो एका सहकाऱ्याला घेऊन गेला होता. आपल्याकडे एखादा उद्योजक गिऱ्हाइकाकडे मोटारीने जातो, तसा हा विमानाने गेला. परवान्याची बोलणी नेहमीप्रमाणे डोरोथीपुढे झाली.

आणि आता तो कागद. आयबीएमचा गुप्ततेचा करार होता, आणि तो एकतर्फी. आयबीएम जे सांगेल ते तुम्ही गुप्त ठेवायचे, आयबीएम इथे आली होती हेसुद्धा बोलायचे नाही. पण तुम्ही जे सांगाल ते गुप्त ठेवण्याचे बंधन आयबीएमवर नाही. ज्या कंपनीचा सगळा जीवच तिच्या सांगण्यात आहे, तिच्या व्यवस्थापिकेने वकिलाला विचारल्याशिवाय त्यावर सही करावी? डोरोथीने वकिलाला बोलावले आणि सही थांबवली. मी सदतीस वर्षे कागदांवर सह्या केल्या. माझ्या हाताखालच्या अधिकाऱ्याने असला कागद न विचारता सही करून आणला असता, तर मी त्याला मेमो दिला असता.

पुढचे तपशील ज्याचे त्याचे वेगळे आहेत. गॅरी दुपारी परतला आणि बोलणीही झाली, असे त्याची बाजू सांगते. आयबीएमच्या माणसाला ते आठवत नाही. इतके खरे, की आयबीएमला एकरकमी किंमत देऊन मोकळे व्हायचे होते, डिजिटल रिसर्चला प्रत्येक प्रतीमागे रक्कम हवी होती, आणि शिवाय नव्या सोळा बिटांच्या चिपसाठीचे त्यांचे सीपी/एम अजून तयार नव्हते. आयबीएम पुन्हा गेट्सकडे गेली.

सिअ‍ॅटलमध्ये टिम पॅटरसन नावाच्या चोवीस वर्षांच्या अभियंत्याने, सीपी/एम यायला उशीर होतो म्हणून, स्वतःच एक व्यवस्था लिहिली होती. सीपी/एमवरचे प्रोग्रॅम सहज उतरवता यावेत म्हणून तिची हाक मारण्याची रीत त्याने सीपी/एमसारखीच ठेवली. मायक्रोसॉफ्टने आधी पंचवीस हजार डॉलरना परवाना आणि जुलै १९८१ मध्ये आणखी पन्नास हजारांना ती पूर्णच विकत घेतली. हेच डॉस. डीआयआर तेच, ए ड्राइव्ह तोच, आठ अक्षरी नाव आणि तीन अक्षरी शेपूटही तेच. ही चोरी होती का? किल्डॉल अखेरपर्यंत तसे मानत होता. पॅटरसनचे म्हणणे असे, की आपण फक्त माहितीपुस्तक पाहून लिहिले, आतले काम सगळे आपले. २०१२ मध्ये एका तज्ज्ञाने दोन्हींची तपासणी करून नकलेचा पुरावा मिळाला नाही असे सांगितले. एकाने काढलेली हाक मारण्याची रीत दुसऱ्याने वापरावी का, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गुगल आणि ओरॅकल यांच्या खटल्यात आला आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्या प्रकरणापुरते, वापरावी, असे उत्तर दिले. माझे मत विचाराल तर पॅटरसन चोर नव्हता आणि किल्डॉल लुबाडला गेला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. बँकेत असे पुष्कळ पाहिले आहे. सगळे कागद बरोबर असतात आणि एक घर बुडालेले असते.

साम्य दिसल्यावर किल्डॉल आयबीएमशी भांडला. आयबीएमने तडजोड केली: आम्ही आमच्या संगणकाबरोबर तुमचेही सीपी/एम विकू, गिऱ्हाईक निवडेल, तुम्ही खटला करायचा नाही. त्याला हे न्याय्य वाटले. खुल्या स्पर्धेत आपण जिंकू, असा विश्वास होता. ऑगस्ट १९८१ मध्ये संगणक आला. दुकानात डॉसची किंमत होती ४० डॉलर, आणि काही महिन्यांनी आलेल्या सीपी/एमची २४० डॉलर. हा आकडा कोणी लावला यावरही वाद आहे. किल्डॉलच्या लोकांनी बोट आयबीएमकडे दाखवले. पुढे किंमत साठावर आणली, तोवर गिऱ्हाईक निघून गेले होते. किराणा दुकानात साखरेच्या दोन पोत्यांवर अशा पाट्या लावल्या, तर कोणते पोते संपेल हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. मी वर्गात विमानाची गोष्ट सांगायचो. सांगायला हवी होती ती या पाट्यांची.

गेट्सचे खरे चातुर्य आणखी एका ओळीत होते. डॉस आयबीएमला दिले, पण इतरांना विकण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. आयबीएमसारखे संगणक बनवणारे वाढले आणि प्रत्येकाला डॉस लागले.

किल्डॉल लगेच संपला असे नाही. एका वेळी अनेक कामे करणारी व्यवस्था त्याच्या कंपनीने काढली. १९८५ मध्ये चित्रे आणि खिडक्यांचा जेम नावाचा पडदा आणला. तो आपल्यासारखा दिसतो म्हणून अ‍ॅपलने हरकत घेतली आणि त्यात बदल करावे लागले. त्याच वर्षी त्याच्या दुसऱ्या कंपनीच्या कामातून एक अख्खा ज्ञानकोश एका चकचकीत तबकडीवर आला. १९८३ ते १९९० तो अमेरिकेच्या सार्वजनिक दूरदर्शनवर संगणकाच्या कार्यक्रमाचा सहनिवेदक होता. त्या जुन्या फिती आज पाहता येतात: दाढीवाला, शांत, समोरच्याचे यंत्र कुतूहलाने न्याहाळणारा माणूस. स्पर्धकाचे यंत्र पाहतानाही डोळ्यांत तेच कुतूहल. धंद्याला हा गुण की दोष, ठरवता येत नाही. घरात मात्र तडे गेले होते. १९८३ मध्ये डोरोथीशी घटस्फोट झाला. नंतर त्याने दुसरे लग्न केले.

१९८८ मध्ये त्याच्या कंपनीने डॉससारखेच चालणारे डीआर-डॉस काढले. म्हणजे मूळ मालकाने नकलेची नक्कल केली, आणि ती सरस निघाली. पण संगणक बनवणाऱ्यांशी मायक्रोसॉफ्टचे करार असे होते, की यंत्रात डॉस घाला वा घालू नका, प्रत्येक यंत्रामागे पैसे द्यायचेच. मेसच्या डब्याचे पैसे भरल्यावर रोज बाहेर कोण जेवेल? १९९१ च्या अखेरीस विंडोजच्या एका चाचणी आवृत्तीत अशी तजवीज सापडली, की खाली डीआर-डॉस दिसले तर ती पडद्यावर काहीतरी बिघाड झाल्याची भीती घाले. अंतिम आवृत्तीत ती बंद ठेवलेली होती. त्याच वर्षी किल्डॉलची कंपनी नॉवेलने विकत घेतली.

या सुमारास रिकाम्या फ्लॅटचा काळ संपला होता. डीआर-डॉसच्या १९९१ च्या आवृत्तीत तबकडीवरची माहिती दाबून कमी जागेत बसवण्याची सोय आतच दिली होती. मायक्रोसॉफ्टनेही १९९३ मध्ये तशी सोय डॉसमध्ये घातली. हेच काम विकून जगणाऱ्या स्टॅक नावाच्या छोट्या कंपनीने पेटंटचा दावा लावला आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये पंचांनी तिला बारा कोटी डॉलरची भरपाई दिली. पैसे मिळाले, पण जी वस्तू घराबरोबर फुकट मिळते तिचे दुकान फार चालत नाही. पुढे १९९५ मध्ये डॉस स्वतःच विंडोजच्या पोटात गेले, मग ब्राउझर गेला, गाणी वाजवणारा प्रोग्रॅम गेला. अमेरिकेत १९९८ चा खटला आणि युरोपात २००४ चा हुकूम त्यावरूनच झाले.

मी याकडे एका बाजूने पाहू शकत नाही. माझी पहिली कादंबरी मी एका विकतच्या मराठी सॉफ्टवेअरवर टाइप केली. त्याबरोबर एक किल्ली येई, ती संगणकाच्या मागे खोचल्याशिवाय अक्षर उमटत नसे. ती बिघडली, विकणाऱ्याने हात वर केले, आणि माझ्याच कादंबरीची तीन प्रकरणे मला अगम्य चिन्हांत दिसू लागली. ती मी छापील प्रतीवरून पुन्हा टाइप केली. पुढे विंडोज २००० मध्ये देवनागरी व्यवस्थेतच आली, नंतर मोफत लिनक्सवरही आली, आणि माझ्यासारख्याची सुटका झाली. ती आत घातली नसती तर आजही मी किल्ली शोधत बसलो असतो. पण भाषा म्हणजे नळाचे पाणी आणि ब्राउझर म्हणजे पडदे, अशी रेघ ओढायला जावे, तर नात म्हणते ब्राउझर नसलेला संगणक काय कामाचा.

१९९२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाने आपला पंचविसावा वर्धापन दिन साजरा केला. या विभागाची डॉक्टरेट मिळवलेला किल्डॉल प्रेक्षकांत आणि प्रमुख वक्ता बिल गेट्स, ज्याने पदवीही अर्धवट सोडलेली. हे त्याला फार लागले. आयुष्यभर लोक विमानाची गोष्ट विचारीत. त्याने आठवणी लिहून काढल्या आणि १९९३ मध्ये घरच्यांना व थोड्या मित्रांना प्रती दिल्या. दारू वाढली होती. ८ जुलै १९९४ रोजी मॉन्टेरेमधल्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला. पडला की कोणी पाडले, याचा उलगडा झाला नाही. ११ जुलैला तो गेला. वय बावन्न.

त्या पंधरवड्याची जंत्री चमत्कारिक आहे. २९ जूनला जिम हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने, मायक्रोसॉफ्ट डॉस बंद करणार म्हणून, आपण सर्वांसाठी मोफत डॉस लिहू, असे जाहीर केले. फ्रीडॉस या नावाने ते आजही मिळते. आणि किल्डॉलच्या मृत्यूनंतर चार दिवसांनी, १५ जुलैला, यंत्रामागे पैसे घेण्याची ती पद्धत बंद करण्याचे मायक्रोसॉफ्टने अमेरिकी सरकारला मान्य केले. डीआर-डॉसचे हक्क पुढे कॅल्डेरा या कंपनीकडे गेले, तिने १९९६ मध्ये दावा लावला आणि २००० मध्ये तो कोर्टाबाहेर मिटला. तेव्हा गुप्त ठेवलेली रक्कम नंतर उघड झाली: अठ्ठावीस कोटी डॉलर. त्यातले किल्डॉलच्या वाट्याला काय येणार होते?

२०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हच्या त्या घरापाशी विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने फलक लावला. २०१६ मध्ये कुटुंबाच्या संमतीने त्याच्या आठवणींचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. तो वाचल्यावर मला सांगलीकडच्या त्या बाईंची आठवण झाली होती. आणि २०२२ मध्ये सीपी/एमचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी ते कोणीही वापरावे, बदलावे, वाटावे, असे स्पष्ट लिहून दिले. आता ते मोफत आहे.

दिवाळीनंतर मी जुन्या सहकाऱ्यांकडून बाईंचा नंबर मिळवला. त्याही निवृत्त झाल्या आहेत. मी ओळख दिली आणि पंचवीस वर्षे राहून गेलेले उत्तर एका दमात सांगितले: कागद एकतर्फी होता, सही थांबवली ते बरोबर केले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. त्यांना तो तास, ती गोष्ट, स्वतःचा प्रश्न, काहीच आठवत नव्हते. मग त्यांनी विचारले, की सर, या वर्षीचा हयातीचा दाखला तुम्ही शाखेत जाऊन दिला की मोबाइलवरून? मोबाइलवरून देताना त्यांचा एक कागद सारखा नाकारला जात होता. मी त्यांना तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले.